चेहरे घडवणारा सर्जन आणि आपली टाच

मराठीत टाचेच्या वाट्याला फारशी बरी कामे आलेली नाहीत. कर्ज फिटले नाही तर घरावर टाच येते, घोडा अडला तर त्याला टाच मारतात आणि कोणी हालअपेष्टा भोगून गेला, तर तो टाचा घासून गेला असे म्हणतात. आपणही तिला तसेच वागवतो. चेहरा दिवसातून दहा वेळा आरशात पाहतो. टाचेकडे लक्ष जाते ते थंडीत भेगा पडल्या म्हणजे. पण उठल्यापासून झोपेपर्यंत आपले सगळे ओझे तीच वाहते. तिच्यावरची कातडी गेली की माणूस उभा राहू शकत नाही, आणि कमावता माणूस उभा राहिला नाही तर घर खाली बसायला वेळ लागत नाही.

एकलहऱ्याच्या माझ्या दवाखान्यात अशा टाचा नेहमी येतात. एका बाजूला औष्णिक वीज केंद्र, दुसऱ्या बाजूला गोदाकाठची शेती आणि मधून नाशिकरोडकडे धावणारा रस्ता. रस्त्यावरून येतो तो चाकात पाय गेलेला पोरगा. सायकलच्या कॅरिअरवर किंवा मोटारसायकलवर मागे बसलेला असतो, डुलकी लागते, पाय लोंबकळतो आणि टाचेचे कातडे स्पोकमध्ये सोलून निघते. शेतातून येतो तो ट्रॅक्टरच्या अवजाराखाली घोटा सापडलेला गडी. आणि घराघरांतून येतात ते मधुमेहाचे आजोबा. पायात खडा टोचलेला त्यांना कळलेलाच नसतो. कळते तेव्हा टाचेला खोल जखम झालेली असते. यांतल्या काहींना मी प्लास्टिक सर्जनकडे पाठवतो, तेव्हा घरची मंडळी बुचकळ्यात पडतात. नाक सरळ करणारा, सुरकुत्या घालवणारा डॉक्टर पोराच्या टाचेला कशाला? दोन टाके घालून भागणार नाही का? या प्रश्नाचे सगळ्यात चांगले उत्तर मला एका माणसाच्या आयुष्यात सापडते. त्यांचे नाव सर हॅरॉल्ड गिलीज. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी टाचेचे दुखणे नीट समजून घेऊ. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून पाहा, सहज उचलली जाते. टाचेची धरून पाहा, जागची हलणार नाही. तिच्याखाली चरबीची गादी असते, पण ती चरबी मोकळी नसते. डाळिंबाचे दाणे पापुद्र्यांमध्ये बसवलेले असतात, तशी ती चिवट तंतूंच्या लहान लहान कप्प्यांत भरलेली असते. म्हणून पाऊल टाकले की ती दबते, पण सरकत नाही. घोट्याचे उलटे आहे. तिथे कातडी पातळ आणि तिच्याखाली लगेच हाड, नाहीतर पोटरीतून टाचेकडे उतरणारी जाड कंडरा. मध्ये मांसाचा थर नाही. जखम झाली की हाड आणि कंडरा उघडी पडतात. कडा ओढून शिवाव्यात, तर ओढायला सैल कातडी नाही. ताणून शिवलीच, तर चार दिवसांत काळी पडते.

मांडीवरची पातळ कातडी सोलून जखमेवर लावता येते. पण ते रोप लावण्यासारखे आहे. रोपाला ओली माती लागते, तसे त्या कातडीला खालच्या जखमेतून रक्त मिळावे लागते. उघडे हाड म्हणजे खडक. तिथे रोप जगत नाही. मग उरतो दाब कलमाचा मार्ग, आणि तो नाशिककडच्या बागाईतदारांना मी समजावून सांगायला नको. फांदी न तोडता वाकवून मातीत दाबायची, तिला स्वतःची मुळे फुटेपर्यंत आईच्या झाडावरच जगू द्यायचे आणि मग मधली जोडणी छाटायची. शरीरावरही हेच करतात. चांगली कातडी खालच्या चरबीसकट उचलायची, पण एका बाजूने जोडलेलीच ठेवायची, जखमेवर बसवायची आणि तिथले रक्त तिला मिळू लागले की देठ कापायचा. डॉक्टर अशा तुकड्याला फ्लॅप म्हणतात. ही युक्ती गिलीज यांनी शोधली नाही. ती फार जुनी आहे. तिला शिस्त लावली आणि शरीराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेण्याची वाट बांधली, ती मात्र त्यांनी.

हॅरॉल्ड गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात झाला. आठ भावंडांत ते शेंडेफळ. हॅरॉल्ड अगदी लहान असतानाच वडील गेले. लहानपणी जिन्याच्या कठड्यावरून घसरण्याच्या खेळात ते पडले आणि एक कोपर कायमचे आखडले. हा मुलगा पुढे शस्त्रक्रिया करणार असे कोणी सांगितले असते, तर घरच्यांनी हसण्यावारी नेले असते. पण त्याच हाताने त्यांनी केंब्रिजला वल्ही मारली, १९०४ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौका शर्यतीत भाग घेतला आणि गोल्फमध्ये नाव कमावले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीचे शिक्षण झाले. कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणून त्यांनी उमेदवारी सुरू केली, ती ऑपेरातल्या गायकांचे गळे तपासणाऱ्या एका नामांकित डॉक्टरांच्या हाताखाली. १९११ मध्ये लग्न झाले. महायुद्ध पेटले नसते, तर हा माणूस श्रीमंतांचे घसे तपासत आणि सुटीच्या दिवशी गोल्फ खेळत सुखात जगला असता.

१९१५ मध्ये ते रेडक्रॉसतर्फे फ्रान्सला गेले. त्या युद्धात सैनिक खंदकांत दडून लढत. धड मातीआड सुरक्षित राही, पण डोके वर काढले की गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा थेट तोंडावर. जबडा नाही, नाक नाही, ओठ नाहीत, असे तरुण जिवंत परत येऊ लागले. फ्रान्समध्ये गिलीज यांना व्हालादिए नावाचा एक दंतवैद्य भेटला. तो मोडलेले जबडे जोडण्याची खटपट करत होता. पुढे पॅरिसला मोरेस्तां या सर्जनला त्यांनी एका रुग्णाच्या चेहऱ्यावरची कर्करोगाची गाठ काढताना आणि शेजारची कातडी फिरवून ते भगदाड झाकताना पाहिले. आपल्याला काय करायचे आहे, ते त्यांना तिथे कळले.

इंग्लंडला परतल्यावर त्यांनी वरिष्ठांच्या मागे लागून आल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात चेहऱ्याच्या जखमांसाठी वेगळा विभाग मिळवला. हे साल १९१६. पण आघाडीवरच्या डॉक्टरांना हे कळणार कसे? गिलीज यांनी पदरचे दहा पौंड खर्चून दुकानातून पत्त्याच्या चिठ्ठ्या विकत घेतल्या, त्यांवर आपल्या रुग्णालयाचा पत्ता घातला आणि युद्ध खात्याकडे पाठवून दिल्या. चेहऱ्याला जखम झालेल्या सैनिकाच्या अंगावर चिठ्ठी बांधा आणि माझ्याकडे पाठवा, एवढाच त्याचा अर्थ. चिठ्ठ्या बांधलेले सैनिक खरोखरच येऊ लागले. त्याच वर्षी जुलैत सोमची लढाई झाली. दोनशे जखमींची तयारी ठेवली होती. आले सुमारे दोन हजार.

आल्डरशॉट अपुरे पडले, तेव्हा १९१७ मध्ये लंडनजवळ सिडकप येथे खास रुग्णालय उभे राहिले. तिथे काही वर्षांत पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. वॉर्डात आरसे नव्हते. गावात जाणाऱ्या रस्त्यावर काही बाके निळी रंगवलेली होती. निळ्या बाकावर बसलेल्याचा चेहरा पाहून दचकायचे नाही, अशी गावकऱ्यांना त्यातून सूचना असे. हेन्री टोंक्स हे पूर्वाश्रमीचे सर्जन चित्रकार झाले होते. ते जखमांची रंगीत चित्रे काढत. गिलीज स्वतः शस्त्रक्रियेआधी चेहऱ्याची आखणी कागदावर करत. प्लास्टिक हा शब्द आपल्याला बादलीची आठवण करून देतो, पण तो मुळात ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ घडवणे असा आहे.

इथे आपल्या महाराष्ट्राचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नाकाशी आपल्या नाशिकचे नाते रामायणाइतके जुने आहे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, म्हणून हे नासिक, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कापलेले नाक पुन्हा बसवण्याची कला सुश्रुताच्या ग्रंथात आहे आणि ती परंपरेने कारागिरांच्या हाती टिकून राहिली. टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्यात एका कुंभाराने कपाळावरची कातडी देठासकट खाली फिरवून त्याला नवे नाक दिले. ही हकिकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आली. ती वाचून वीस वर्षांनी कार्प्यू या इंग्रज सर्जनने तशी शस्त्रक्रिया केली आणि ही रीत युरोपात रुजली. गिलीज ज्या परंपरेत उभे होते, तिचा एक धागा असा पुण्याच्या कुंभारवाड्यातून गेलेला आहे.

यशाच्या या कथेत एक काळा दिवस आहे, आणि गिलीज यांना समजून घ्यायचे तर तो वगळून चालणार नाही. लम्ली नावाच्या तरुण वैमानिकाचा सगळा चेहरा विमान अपघातात भाजला होता. १९१८ च्या फेब्रुवारीत गिलीज यांनी त्याच्या छातीवरची कातडी उचलून एकाच वेळी संपूर्ण चेहऱ्यावर बसवली. कातडीला पुरेसे रक्त मिळाले नाही, ती सडली आणि महिन्याभरात तो मुलगा गेला. तेव्हापासून त्यांनी एक नियम स्वतःला लावून घेतला. मोठे काम टप्प्याटप्प्याने करायचे. आज केलेच पाहिजे असे नसेल, तर ते उद्यावर ठेवायचे. रक्त पोचायला लागणारा वेळ सर्जनच्या हौसेने कमी होत नाही.

याच सुमाराचा त्यांचा शोध थेट टाचेपर्यंत पोचतो. ऑक्टोबर १९१७ मध्ये विली व्हिकरेज नावाचा खलाशी त्यांच्या टेबलावर होता. जटलंडच्या नाविक लढाईत तो होरपळला होता. त्याच्यासाठी छातीवरून उचललेल्या कातडीच्या लांब पट्टीच्या कडा आपोआप आत वळताहेत, असे गिलीज यांच्या ध्यानात आले. पोळीची सुरळी वळावी तशा. त्यांनी त्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या आणि पट्टीची नळी झाली. उघडी ओली बाजू आत गेली, त्यामुळे ती चिघळेना. नळीतून रक्त नीट वाहू लागले. पूर्वी फ्लॅप उघडा राही, त्यात पू होई. आता ही भीती कमी झाली. ओडेसात फिलातोव्ह यांनाही याच काळात ही युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती, पण तिचा रोजच्या वापरात खरा प्रसार झाला तो सिडकपमधून.

या नळीने टाचेसाठी काय केले? त्याआधीही एक मार्ग होता. अमेरिकेत हॅमिल्टन यांनी १८५४ मध्ये एका पायाच्या पोटरीची कातडी दुसऱ्या पायाच्या जखमेवर बसवली होती. त्यात दोन्ही पाय तीनेक आठवडे एकत्र जखडून पडून राहावे लागे. नळीमुळे पोटावरची मुबलक कातडीही पायाशी आणता येऊ लागली. आधी पोटावर दोन्ही टोकांनी जोडलेली नळी तयार करायची, पिशवीच्या बंदासारखी. तीनेक आठवड्यांनी तिचे एक टोक सोडवून मनगटावर शिवायचे. मनगटाचे रक्त तिला मिळू लागले की पोटाकडचे टोक कापायचे. आता ती नळी मनगटाची पाहुणी. मग रोग्याला वाकवून मनगट घोट्याशी आणायचे, नळीचे मोकळे टोक टाचेवर शिवायचे आणि प्लास्टर घालून आठवडेच्या आठवडे तसेच ठेवायचे. शेवटी मनगट सोडवायचे आणि नळी उलगडून टाचेवर पसरायची. हे सगळे व्हायला महिनोन्‌महिने लागत. एखाद्याचे वर्षही जाई. पण जो पाय गुडघ्याखाली कापावा लागला असता, तो पाय जमिनीला टेके.

माणूस म्हणून गिलीज गंभीर चेहऱ्याचे ऋषी नव्हते. वेषांतर करून मित्रांना फसवणे हा त्यांचा आवडता उद्योग. गोल्फच्या सामन्यात बियरच्या बाटलीवर चेंडू ठेवून फटका मारत आणि खेळाचे नियम सांभाळणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पाडत. निसर्गचित्रे काढत. खासगी व्यवसायात त्यांनी सौंदर्यशस्त्रक्रियाही केल्या, पैसा मिळवला, आणि त्याबद्दल लोकांनी नावे ठेवली तरी लपवाछपवी केली नाही. सरकारने सर ही पदवी दिली ती १९३० मध्ये, युद्ध संपून बारा वर्षे झाल्यावर.

दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा अख्ख्या ब्रिटनमध्ये पूर्ण वेळ प्लास्टिक सर्जन होते अवघे चार. त्यांतले एक गिलीज आणि दुसरे त्यांचेच नातलग मॅकिंडो. बेसिंगस्टोकजवळच्या रूक्सडाउन हाउसमध्ये गिलीज यांनी पुन्हा ठाण मांडले. या वेळी चेहऱ्यांबरोबर हातपायही त्यांच्या टेबलावर आले. १९४६ मध्ये ब्रिटिश प्लास्टिक सर्जनांची संघटना स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. १९५७ मध्ये त्यांनी आपला शिष्य मिलार्ड याच्यासह आयुष्यभराच्या कामाचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या शिकवणीचे सार कोणत्याही घरच्या माणसाला कळेल असे आहे. आधी आखणी करा. जिवंत कातडीचा तुकडा उगाच फेकू नका. गेले त्याच्या जागी शक्य तो त्याच जातीचे आणून बसवा. आणि घाई करू नका.

ऑगस्ट १९६० मध्ये गिलीज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अजून शस्त्रक्रिया करत होते. त्या महिन्याच्या ३ तारखेला अठरा वर्षांच्या एका मुलीच्या जखमी पायावर मोठी शस्त्रक्रिया करत असताना त्यांच्या मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी झाली. पुढच्याच महिन्यात, १० सप्टेंबरला, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. हजारो चेहरे घडवलेल्या माणसाचे हात अखेरच्या त्या दिवशी एका मुलीच्या पायावर होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. चेहरा वरचा आणि पाय खालचा, असा भेद त्यांच्या टेबलावर नव्हता.

त्यांचा वारसा महाराष्ट्रात आला तो डॉ. नोशिर अंतिया यांच्या रूपाने. हुबळीत जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले अंतिया इंग्लंडमध्ये गिलीज यांच्या हाताखाली तयार झाले. परतल्यावर त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला आणि ज्यांना कोणी हात लावत नसे, त्या कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. २००७ मध्ये ते गेले. त्यांनी आणि डॉ. बुच यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेले एक काम गुरूच्या नळीच्या पुढे पाऊल टाकणारे होते. पोटावरचा चरबीचा तुकडा शरीरापासून पूर्ण सुटा करून त्यांनी चेहऱ्यावर बसवला आणि त्याच्या बारीक रक्तवाहिन्या तिथल्या रक्तवाहिन्यांना शिवून जोडल्या. देठ नको, मनगट नको, महिनोन्‌महिने जखडणे नको. पुढे १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात डॅनियल आणि टेलर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हीच रीत वापरून जांघेतली कातडी एका तरुणाच्या घोट्यावर बसवल्याचे जाहीर केले.

आज टाचेसाठी सर्जनच्या हाती अनेक वाटा आहेत. जखम टाचेच्या तळाशी असेल तर तळपायाच्या पोकळ भागातली, जमिनीला न टेकणारी जाड कातडी सरकवून आणता येते. तिला संवेदनाही राहते. हे गिलीज यांच्या त्याच जातीचे बसवण्याच्या शिकवणीचे अगदी चोख उदाहरण आहे. जखम मागच्या बाजूला असेल तर पोटरीवरची कातडी देठावर फिरवून खाली उतरवतात. फ्रान्सच्या मास्कले यांनी १९९२ मध्ये मांडलेली ही रीत सूक्ष्मदर्शकाशिवाय होते, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणीही पायांना वाचवते. जखम फारच मोठी असेल तर दूरची कातडी सुटी करून जोडतात. महिन्यांचे काम आठवड्यांवर आले आहे. रक्त पोचल्याशिवाय काही जगत नाही, हा नियम मात्र तोच आहे.

म्हणून चाकात पाय गेला तर जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा, धुतलेले कापड दाबून बांधा आणि डॉक्टर गाठा. हळद, चुना, तंबाखू, चहापूड यांतले काही भरू नका. त्याने जखमेचा खरा रंग झाकला जातो. चिरडलेली कातडी पहिल्या दिवशी बरी दिसते आणि तीनचार दिवसांनी काळी पडते, तेव्हा पट्टी सोडून दाखवायला कंटाळू नका. धनुर्वाताची सुई चुकवू नका. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून पाहावेत. पोराला मागे बसवताना चाकाला जाळी आहे की नाही, हे आधी बघावे. जाळीचा खर्च कितीसा येतो? तिच्याअभावी जे जाते, ते परत बसवायला गिलीज यांच्यासारख्या माणसांना आयुष्य वेचावे लागले.

आणि आपल्या डॉक्टरांनी टाचेच्या जखमेसाठी प्लास्टिक सर्जनचे नाव सुचवले, तर ते सौंदर्याचे खूळ समजू नका. चेहरा गेलेल्या माणसाला लोकांत जायची लाज वाटते. टाच गेलेल्याला लोकांत जाताच येत नाही. दोघांनाही पुन्हा चारचौघांत आणणे हेच त्या विद्येचे काम आहे.